उघड्या ओठांचा डॉलर

१

लुडमिला हुडाकनं तो नवस केला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि शेगडीवरचं कोबीचं सूप करपायला लागलं होतं. १९५७ सालचा फेब्रुवारी. तीन वर्षांची वेरोनिका स्वयंपाकघरातल्या बाकावर उताणी पडली होती, कारण घरात तेवढी एकच खोली उबदार होती. पोरीचा श्वास आत जाताना शिटीसारखा वाजायचा आणि बाहेर येताना वाजायचाच नाही. डॉक्टर येऊन गेले होते. जाताना त्यांनी टोपी डोक्यावर घातली नाही, हातातच धरून दाराबाहेर पडले, आणि लुडमिलाला जे समजायचं ते समजलं.

भिंतीवर संत ब्लेजची तसबीर होती. गळ्याचा राखणदार तो. दर वर्षी तीन फेब्रुवारीला चर्चमध्ये फादर दोन मेणबत्त्यांची फुली करून प्रत्येकाच्या गळ्याला लावतात ते त्याच्याच नावानं. लुडमिलानं तशाच दोन मेणबत्त्या पोरीच्या गळ्याशी धरल्या आणि तसबिरीकडे बघून म्हणाली, "हिचा श्वास परत दे. माझ्या जन्माचा डॉलर तुझा."

तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. १९२८ साली तिच्या बाप्तिस्म्याला तिची धर्ममाता झोफिया हिनं त्याच वर्षीचा चांदीचा डॉलर तिच्या मुठीत ठेवला होता. पहिलं महायुद्ध संपल्याची आठवण म्हणून पाडायला घेतलेलं नाणं ते, शांतीचा डॉलर म्हणतात त्याला; एका बाजूला खडकावर बसलेला गरुड, दुसऱ्या बाजूला किरणांचा मुकुट घातलेल्या बाईचा, एका बाजूनं दिसणारा चेहरा. त्या बाईचे ओठ किंचित उघडे आहेत. टाकसाळीतून निघालेल्या त्या जातीच्या प्रत्येक डॉलरवर ते तसेच आहेत. झोफियानं टोपीच्या पिनेनं त्या बाईच्या गळ्यावर बारीकसा क्रूस ओरखडला होता, पोरीला दृष्ट लागू नये म्हणून.

नवस बोलून झाला आणि पोरीनं मोठ्ठा श्वास घेतला. सूप उतरवायच्या आत ती "भूक" म्हणाली.

रविवारी नवरा मेथोड म्हणाला, "असा सुटा नको नेऊस, हरवशील. दे, मी चांगल्या पाकिटात घालून देतो." त्यानं पाकीट चिकटवून, वर तिचं नाव घालून आणून दिलं. लुडमिलानं ते न फोडता चर्चच्या म्हाताऱ्या सेवकाच्या हाती दिलं. संत ब्लेजच्या पुतळ्याच्या पायाशी एक काचपेटी होती. गावातल्या लोकांनी फेडलेले नवस तिच्यात मखमलीवर चिकटवलेले असायचे: अंगठ्या, खाणकामगाराचं खिशातलं घड्याळ, चांदीचा छोटासा पाय, बाळाचा चमचा. सेवकानं डॉलर गरुडाची बाजू वर करून चिकटवला. बाईचा चेहरा मखमलीत गेला.

तेवीस वर्षं लुडमिला त्या गरुडापुढे गुडघे टेकत आली. चेहरा काही तिनं पुन्हा पाहिला नाही.

२

१९८० साल, फेब्रुवारीची एक तारीख, शुक्रवार. परवा सणाचा रविवार, म्हणून चर्चच्या महिला मंडळाच्या दोघी चांदी उजळायला आल्या होत्या, लुडमिला आणि हेलन. हेलन मेणबत्त्यांचे दांडे घेऊन बसली, लुडमिलाकडे यंदा पहिल्यांदाच काचपेटी आली.

"नीट कर गं," हेलन म्हणाली. "उद्या सुतार येतोय. नव्या फादरना भलतीच काळजी. झाकणाला कुलूप बसवणार, वर रबराची पट्टी लावून हवाबंद करणार. हवा नाही लागली की चांदी काळी पडत नाही म्हणे."

"जुन्या झाकणाला तर बोटभर फट होती. कधी कुणी काही नेलं नाही."

"तेव्हा चांदीला हा भाव नव्हता. आता लोक आजीचे काटेचमचे वितळवायला नेतायत. आपण दोघी इथे बसलोय तर फादर आपले खिसे तपासतील जाताना."

लुडमिला हसली. हसता हसता तिनं मखमलीवरून एकेक वस्तू सोडवली, फडक्याला पॉलिश घेतलं, घासलं, कोरड्या फडक्यानं पुसलं, बाजूला ठेवलं. अंगठ्या झाल्या, घड्याळ झालं, पाय झाला. मग डॉलर. त्याचा जुना गोंद वाळून कुरकुरीत झाला होता. नखानं उचलला तसा सुटून हातात आला. तिनं तो उलटा केला.

बाईच्या गळ्यावर क्रूस नव्हता.

तिनं खिडकीपाशी जाऊन पाहिलं. गळा गुळगुळीत. खाली साल होतं १९२२. त्या सालचे डॉलर तिकडे कुणाच्याही आजोबांच्या कपाटात चार-दोन सापडतील.

मन म्हणालं, ओरखडा आहे तो, झिजला असेल. मखमलीवर पडून चांदी झिजते का, तिनं मनाला विचारलं. मन म्हणालं, साल तू लहानपणी चुकीचं वाचलं असशील. स्वतःच्या जन्माचं साल?

"काय झालं?" हेलननं विचारलं.

"काही नाही. डाग आहे एक, निघत नाही."

तिनं नाणं परत ठेवलं, गरुड वर करून. बाकीची चांदी तिनं इतकी जोरात घासली की बाळाच्या चमच्याचा दांडा वाकला. आयुष्यात तिला पहिल्यांदाच कळलं की राग पोटात येत नाही, आधी हातात येतो.

३

मेथोड खाणीतला पंप सांभाळायचा. खाण बंद पडली, तो निवृत्त झाला, आणि आता सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याची नाणी मांडलेली असायची. शांतीच्या डॉलरचा पूर्ण संच करायचा हे त्याचं तरुणपणापासूनचं वेड. निळ्या पुठ्ठ्याचा अल्बम, प्रत्येक सालाला एक गोल भोक, आणि भोकात त्या सालचा डॉलर. घरात त्याचा एक नियम होता. नाणी मांडलेली असताना टेबलावर वाकायचं तर श्वास रोखून वाकायचं. तोंडातली वाफ लागली की चांदीवर डाग पडतो आणि तो डाग कधीच जात नाही. वेरोनिका त्याच टेबलावर अभ्यास करत मोठी झाली. पाच वर्षांची असताना ती पाहुण्यांनाही सांगायची, "श्वास घेऊ नका, बाबांची नाणी आहेत."

लुडमिला आत आली, कोट न काढता टेबलापाशी उभी राहिली.

"माझा डॉलर कुठंय?"

मेथोडनं भिंग डोळ्यावरून काढलं नाही. "कुठला डॉलर?"

"तोंड वर करून बोल माझ्याशी. काचपेटीत बाविसचा आहे. माझा अठ्ठावीसचा कुठंय?"

आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. सव्वीस वर्षांची वेरोनिका चर्चच्याच शाळेत गाणं शिकवायची. रविवारी सणाचं मुख्य भजन तिनं एकटीनं म्हणायचं ठरलं होतं, आणि गेले दोन आठवडे तिचा खोकला हटत नव्हता.

मेथोडनं भिंग खाली ठेवलं. "तेवीस वर्षांनी विचारतेयस?"

"तेवीस वर्षांनी कळलं."

"मग तेवीस वर्षं काय बिघडलं? पोरगी जगली ना? तुझ्या संतानं तर तक्रार केली नाही."

"तू माझा नवस चोरलास."

"चोरला काय? चांदीच्या जागी चांदी दिली, तेवढ्याच वजनाची. तू सालाचा नवस बोलली होतीस की डॉलरचा? अख्ख्या संचात अठ्ठावीसचा सगळ्यात कमी पाडलेला. तो काय अंगठ्यांच्या ढिगात गोंदानं चिकटवायचा होता?"

"माझ्या जन्माचा म्हटलं होतं मी. तू दारात उभा राहून ऐकलंस."

त्यानं मान खाली घातली. मग एकदम त्यालाही राग चढला. "माझा बापही बोलला होता नवस. आईची अंगठी अजून पडलीय तुमच्या त्या पेटीत. खोकत खोकत गेला तो, काळं थुंकत, याच भिंतीपलीकडे. मी ऐकायचो. तुझा ब्लेज तेव्हा कुठं होता? मग मला नको शिकवूस कुणाला काय द्यायचं ते."

"दाखव मला तो."

इतकी वर्षं तिच्यासमोर कधीच न उघडलेलं पान काढून त्यानं अल्बम पुढे सरकवला. १९२८च्या जागी नुसतं भोक होतं.

"यात नाहीये आता," तो म्हणाला, आणि इतकं भांडण चालू असतानाही त्याच्या आवाजात थोडी शेखी आलीच. "पुठ्ठ्यात राहून कडेनं तांबूस व्हायला लागला होता. नव्या डबीत घातलाय. जाड पारदर्शक प्लास्टिक, तीन थर, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. आत केसाएवढीसुद्धा हवा जात नाही."

त्यानं कपाटातून डबी काढून टेबलावर ठेवली. बाईचा चेहरा वर, गळ्यावर झोफियाचा क्रूस. लुडमिला सवयीनं श्वास रोखून वाकली.

डबीच्या आतल्या बाजूला, बाईच्या ओठांसमोर, नखाएवढी वाफ धरली होती.

"हे काय आहे?"

"थंडी आहे. घरात सूप शिजतंय. दमट हवा."

"बाहेरून नाहीये ते. आतून आहे."

"बंद केली तेव्हा आत थोडा ओलावा राहिला असेल. जाईल."

ती बघत राहिली. वाफ विरली. बाईचा चेहरा लख्ख दिसला. मग पुन्हा धरली, तेवढीच, तिथंच. आतल्या खोलीत वेरोनिका खोकली.

४

शनिवारी सकाळी हार्लन याउन्ट आला. हा मेथोडच्या नाणी जमवणाऱ्या मंडळाचा म्होरक्या. अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये त्यांची महिन्याची बैठक भरायची. साठ वर्षांचा, ढेरपोट्या, कुठल्याही घरात शिरला की आधी भांड्यांची झाकणं उघडून बघणारा.

"काल हॉलमध्ये बटाट्याची धिरडी होती, मेट, तू आला नाहीस. म्हटलं मेला की काय बघून यावं. मेला असशील तर अठ्ठाविसावर पहिला हक्क माझा."

"त्याच्यावर दुसरीनं हक्क सांगितलाय," मेथोड म्हणाला आणि लुडमिलाकडे हात केला.

हार्लननं डबी हातात घेतली, उजेडाकडे धरली. "दमट दिवशी बंद केलीस. नेहमीची चूक आहे. कितीदा सांगितलं मंडळात, आधी कोरड्या कापसात एक रात्र..."

तो बोलायचा थांबला. डबी उजेडाकडे धरलेलीच होती. त्याचे ओठ हलत होते, मोजल्यासारखे. लुडमिलाही मोजत होती. तिनं सकाळीच बसून मोजलं होतं. वेरोनिका आत झोपली होती, दार उघडं होतं, तिचा घरघरणारा श्वास स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू यायचा. श्वास बाहेर, वाफ धरली. श्वास आत, वाफ विरली. तिनं स्वतःला सांगितलं होतं की माणसानं मोजायला घेतलं की घड्याळाची टिकटिकसुद्धा आपल्या चालीशी जुळते. म्हणून ती उठून भांडी घासून आली, प्रार्थना म्हणून आली, मग पुन्हा बसली. जुळतच होतं. फक्त प्रत्येक वेळी वाफ आदल्या वेळेपेक्षा थोडी कमी होती.

हार्लननं डबी हळूच खाली ठेवली, एखाद्याला जाग येऊ नये म्हणून ठेवतात तशी.

"आत कोण झोपलंय?" त्यानं विचारलं.

"वेरोनिका. सर्दी आहे," मेथोड म्हणाला. "काय झालं? कॉफी घे."

"नको." हार्लन कोटाची बटणं लावायला लागला. एक बटण चुकीच्या काजात गेलं, ते त्यानं तसंच ठेवलं. "मी असतो तर उघडली असती, मेट. डागबिग पडू दे. मी असतो तर आत्ता उघडली असती."

तो गेला तेव्हा त्यानं एकही झाकण उचललं नव्हतं.

लुडमिलानं डबी उलटी केली. मागे मेथोडच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी होती: बंद केल्याची तारीख, १७ जानेवारी. भिंतीवर चर्चचं कॅलेंडर होतं आणि त्यात ती रोजचं काहीबाही लिहून ठेवायची: ब्रेड आणणे, हेलनचा वाढदिवस. सतरा जानेवारीच्या चौकोनात तिच्याच हातचं होतं: वेरोनिका संध्याकाळपासून खोकतेय, मधाचं दूध दिलं.

तिनं कॅलेंडर खिळ्यावरून काढून मेथोडपुढे टाकलं आणि डबी त्याच्यावर उलटी ठेवली.

त्यानं दोन्ही वाचलं. "योगायोग आहे."

"मेथोड," ती म्हणाली, आणि आवाज इतका खाली होता की त्यालाच पुढे वाकावं लागलं, "तीस वर्षं या टेबलावर मी श्वास रोखून तुला जेवायला वाढलं. माझ्या पोरीला तू बोलायच्या आधी श्वास रोखायला शिकवलंस. आता उघड ती."

"उघडली की महिनाभरात चांदी काळी पडेल. मग काचपेटीत नेशील. नाही. मी दुसरा शोधतो, तुला हवा तो दुसरा देतो तुझ्या संताला."

आत वेरोनिका उठून बसायचा प्रयत्न करत होती. "आई," तिनं हाक मारली, पण हाकेत आवाज नव्हता, नुसती हवा होती, आणि तीही पुरेशी नव्हती.

५

बाहेर लख्ख ऊन होतं, बर्फावरून उलटून ते छतावर पडलं होतं. लुडमिलानं ओट्याखालच्या खणातून मांस ठेचायचा लाकडी हातोडा काढला आणि डबी ओट्याच्या दगडावर ठेवली.

"तू असलं काही करणार नाहीस," मेथोड म्हणाला.

तिनं हातोडा उचलला. तो तिच्याकडे बघत नव्हता, नाण्याकडे बघत होता. ठोका बसला तर बाईच्या गालावर बसणार हे त्याला दिसत होतं. संताची भीती त्याला नव्हती, बायकोच्या रागाची नव्हती, ओरखड्याची होती. हे तिला ठाऊक होतं आणि तेच ठाऊक असल्याचा तिला सगळ्यात जास्त राग आला. पोरीसाठी उठला नाही हा माणूस, डॉलरसाठी उठला.

"थांब. थांब, मी उघडतो."

त्यानं बारीक स्क्रूड्रायव्हर आणला. एक स्क्रू, दुसरा, तिसरा. चौथा निघाला तेव्हा वरचं प्लास्टिक आपोआप किंचित वर आलं आणि डबीतून सुस्कारा बाहेर पडला. लांब, दमलेला, दोन आठवडे कोंडलेला. मेथोडनं हात मागे घेतला.

आतली घरघर थांबली. वेरोनिकानं स्वच्छ, भरून श्वास घेतला आणि ती म्हणाली, "आई, कुणी खिडकी उघडली का?"

लुडमिलाचे डोळे भरून आले. आणि तिथंच तिच्या हातून चूक झाली. बाईच्या चेहऱ्यावर दव साचलं होतं, ओठांवर तर थेंब. चर्चची चांदी उजळणाऱ्या बाईच्या हाताला ओली चांदी बघवत नाही. ॲप्रनच्या खिशात कालचंच फडकं होतं, पॉलिश लागलेलं.

"पुसू नकोस," मेथोड ओरडला. "मिले, चांदी कधी पुसायची नसते."

तिनं पुसलं होतं. ओठांवरून, एकदाच, अंगठ्यानं दाबून.

आत काहीतरी खाली पडलं. लुडमिला धावली. वेरोनिका पलंगाच्या कडेला दोन्ही हातांनी गळा धरून होती, तोंड सताड उघडं, डोळे आईकडे, आणि आवाज कसलाच नाही. तेवीस वर्षांपूर्वी निदान शिटी तरी वाजत होती. लुडमिलानं तिची पाठ थोपटली, खिडकी उघडली, संताचं नाव घेतलं. पोरीची नखं निळी व्हायला लागली होती.

"मेथोड," ती किंचाळली.

तो येत नव्हता. उघड्या दारातून तिला तो दिसला, टेबलापाशी उभा, नाणं दोन बोटांत कडेनं धरलेलं, जसं तो नेहमी धरायचा.

"ओठ मिटलेत," तो म्हणाला. तिच्याशी नाही, कुणाशीच नाही. "मिले, हिचे ओठ मिटलेत."

दारातून तिनंही पाहिलं. ऊन सरळ नाण्यावर पडलं होतं. एवढ्या लांबून डॉलरवरचे ओठ दिसत नाहीत, हे तिला तेव्हाही कळत होतं. तरी दिसले. नाण्यावरची बाई आता बाजूला बघत नव्हती एवढंच ती नंतर सांगायची, आणि त्यापुढे विचारलं तर उठून कामाला लागायची.

मेथोडनं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. नाणं तोंडाशी नेलं आणि त्याच्यावर श्वास सोडला. खाणीत पस्तीस वर्षं घालवलेल्या माणसाकडे श्वास फारसा नसतो. जो होता तो त्यानं सगळा सोडला. चांदी पांढुरकी झाली. त्यानं पुन्हा सोडला. तिसऱ्यांदा सोडताना त्यानं दुसऱ्या हातानं खुर्ची ओढून घेतली.

लुडमिलाच्या मिठीत वेरोनिकाची छाती वर आली, आणि मग ती लहान मुलीसारखी हमसून रडायला लागली. रडायला श्वास लागतो. लुडमिलानं तिला भरपूर रडू दिलं.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. मेथोड खुर्चीवर धापा टाकत होता. बाईच्या तोंडावर एक मोठा धुरकट डाग पडला होता, बोटांच्या ठशासकट. ओठ उघडे होते.

"बिघडला," तो म्हणाला.

"उद्या कोट घाल आणि माझ्याबरोबर चल," ती म्हणाली. "पाकीट नको. हातात धरून नेऊ."

६

रविवारी प्रार्थनेच्या आधी तिनं फादरकडून नव्या कुलपाची किल्ली मागून घेतली. सुतारानं काम चोख केलं होतं, झाकण मात्र रबराचा गोंद वाळायला रात्रभर उघडं ठेवलं होतं. झाकणाला चारी बाजूंनी काळी रबरी पट्टी. तिनं बाविसचा डॉलर उचलून मेथोडच्या हातावर ठेवला आणि आपला जन्माचा डॉलर मखमलीवर ठेवला, चेहरा वर करून. मेथोड शेजारी उभा होता. त्यानं माफी मागितली नाही, तिनंही मागायला लावली नाही. संताला एवढंच म्हणाली, "उशीर झाला. माझ्याकडून नव्हे." शेवटचे दोन शब्द तिनं नवऱ्याला ऐकू जातील असे म्हटले. मग झाकण लावलं. रबर दाबलं गेलं आणि पेटी घट्ट बसली.

ते पुढून तिसऱ्या बाकावर बसले. मागे कुणीतरी खोकलं. फेब्रुवारी आहे, लोक खोकणारच. मग डावीकडच्या रांगेतला शाळामास्तर खोकला. हेलन खोकली, तोंडावर रुमाल धरून, आणि थांबेचना. फादर बोलत राहिले, पण चर्चमध्ये एक खोकला दुसऱ्याला भेटत गेला, रांगेमागून रांग. वर गायनवृंदात वेरोनिका भजनासाठी उभी राहिली. पहिली ओळ स्वच्छ आली. दुसरी ओळ तिनं अर्ध्यावर सोडली.

लुडमिला उठली. भर प्रार्थनेत, सगळ्यांसमोरून, ती पुतळ्यापाशी गेली.

काच आतून पांढरी झाली होती. आधी वाटलं सगळीच एकसारखी. मग तिला दिसलं की ते वेगवेगळे ठिपके आहेत. अंगठीवर एक. घड्याळावर एक. चांदीच्या पायावर, बाळाच्या चमच्यावर. प्रत्येकाचा नखाएवढा, प्रत्येक आपल्या चालीनं धरणारा आणि विरणारा. मेथोडच्या आईच्या अंगठीवर मात्र काहीच नव्हतं, तिथली काच कोरडी होती. लुडमिलानं ते पाहिलं आणि मागे बाकाकडे वळून पाहिलं नाही.

तिनं किल्ली फिरवली, भीतीनं कमी आणि रागानं जास्त. हवा लागली की चांदी काळी पडते म्हणे. तिनं झाकण उचललं. मेणबत्त्या पेटवायच्या पेटीतून एक काडी घेतली, आडवी ठेवली, आणि झाकण तिच्यावर टेकवलं. काडीएवढी फट राहिली.

वर वेरोनिकानं दुसरी ओळ पुन्हा सुरुवातीपासून म्हटली, आणि या वेळी पूर्ण केली.

फादर तिच्यावर रागावले. तिनं ऐकून घेतलं आणि किल्ली परत दिली नाही. ती आजही तिच्या ॲप्रनच्या खिशात आहे. काडी ती महिन्याला बदलते. डॉलर काळा पडत चाललाय, ओठांपासून सुरुवात करून, आणि तिनं त्याला फडकं लावलेलं नाही. मेथोडच्या अल्बममध्ये अठ्ठाविसाचं भोक तसंच आहे. नाणी तो अजून मांडतो, पण टेबलावर कुणी वाकलं तर काही म्हणत नाही. जिना चढताना मधे दोनदा थांबतो. ती त्याच्यासाठी थांबते. राग गेला म्हणून नव्हे. तो आहेच, शेगडीत राखेखाली विस्तव असतो तसा, आणि त्याच्यावर तिचं घर शिजतं.

तेव्हा बायांनो, कधी त्या गावी गेलात तर संत ब्लेजच्या पायाशी ती पेटी बघा. झाकणात काडी दिसेल. चुकून राहिली असेल म्हणून काढू नका, झाकण दाबू नका. आणि घरी परत आलात की एवढं करा. बोललेलं काही द्यायचं राहिलं असेल, कुणी तुमच्या वतीनं पाकिटात घालून दिलं असेल, कपाटात काही नीट जपून बंद करून ठेवलेलं असेल, तर ते आज उजेड आहे तोवर उघडा. चेहरा वर करून ठेवा. ओलं दिसलं तरी पुसू नका. आणि त्याच्यावर वाकाल तेव्हा, माझं ऐका, श्वास रोखू नका.